ट्रँटरबाईंची बेबी ऑस्टिन

गाडी चालवायची मॉडमावशी आणि शेजारी मांडीवर घोंगडी घेऊन बसायचे बर्टकाका. एकोणीसशे अठ्ठावीस साली आमच्या नॉर्थफील्डच्या गल्लीला हे दृश्य नवीन होतं. पुरुषांना ते पाहून हसू यायचं, आणि बायकांना आपल्यालाही हसू येतंय असं दाखवावं लागायचं.

मॉड ट्रँटर ही माझ्या आईची थोरली बहीण. ऑस्टिनच्या मोटारींच्या कारखान्यात गाद्या आणि कापडी टप शिवायच्या खात्यात ती कामाला होती. आमच्या भागातली निम्मी माणसं त्याच कारखान्याच्या भोंग्यावर उठायची आणि त्याच भोंग्यावर जेवायची. बर्टकाकाही लढाईआधी तिथेच होते. पण फ्रान्समधल्या खंदकात विषारी वायूने त्यांची छाती जाळून टाकली, आणि परत आल्यावर त्यांना यंत्रापाशी उभं राहवेना. ते सिनेमाच्या तिकीटखिडकीत बसायला लागले. घरापासून कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत जायचं, तरी मधे एकदा कुणाचं तरी कुंपण धरून थांबावं लागायचं.

हाच माणूस तरुणपणी दर रविवारी लिकीच्या टेकड्या पायाखाली घालायचा. ट्राम पायथ्याशी सोडायची आणि तिथून वरचा चढ काका कुत्र्याला मागे टाकून चढायचे, असं आई सांगायची. लढाईनंतरही ते ट्रामने पायथ्यापर्यंत जात. चहाच्या दुकानात बसत, एक कप चहा पीत आणि त्याच ट्रामने परत येत. एकदा मावशी त्यांच्याबरोबर गेली. काका टेकडीकडे पाठ करून बसले.

"तोंड फिरवून का बसलास रे?"

"इकडे ऊन कमी लागतं," काका म्हणाले.

त्या दिवशी ऊन नव्हतंच. पुढच्याच उन्हाळ्यात मावशीने एका फिरत्या विक्रेत्याकडून जुनी बेबी ऑस्टिन घेतली.

तोवर मोटारी असायच्या डॉक्टरांच्या, गिरणीवाल्यांच्या. आमच्यासारख्यांची झेप फार तर मोटरसायकलपर्यंत. तिच्या बाजूला लावलेल्या पेटीत बायको आणि पोर भिजत बसायचं. ही इवलीशी गाडी आली आणि कामगाराच्या डोक्यावरही टप आला. पुढे दोघं, मागे दोन पोरं, तीही हडकुळी हवीत. "या गाडीत बसायचं नसतं, ती अंगात घालायची असते," असं सगळे म्हणायचे. काकांचे हात थरथरायचे, म्हणून चालवायला शिकली मावशी. तेव्हा परीक्षा वगैरे नव्हती. परवाना काढायचा आणि देवाचं नाव घ्यायचं. क्लच असा तापट, की पाय केसभर उचलला की गाडी बेडकासारखी उडी मारून बंद पडायची. पहिल्या आठवड्यात आमच्या फाटकाचा खांब गेला, दुसऱ्या आठवड्यात मावशीच्या.

समोरचा सिड हॉजेट्स दारात पाईप ओढत उभाच असायचा.

"काय रे बर्ट, पाळणागाडी झकास घेतलीस! आणि ढकलायला बायको का?"

काकांनी धाप आवरली. "तुझी बायको तुला ढकलून घराबाहेर काढते, सिड. माझी निदान बसवून नेते."

गल्ली हसली. सिडची बायको सगळ्यांत मोठ्यांदा हसली.

पहिल्यांदा आम्ही टेकडीवर गेलो तो रविवार मला स्वच्छ आठवतो. मागच्या सीटवर मी आणि मावशीचा एकुलता एक मुलगा डेनिस, गुडघे हनुवटीला लावून. पायथ्याशी ट्रामच्या थांब्यावर माणसांची जत्रा. चढ सुरू झाला, गाडी खोकायला लागली आणि अर्ध्या चढावर थांबली. ब्रेक असे, की नुसती तिच्या भरवशावर उभी राहायची नाही. काकांनी आम्हाला दोघांना उतरवून चाकामागे दगड लावायला सांगितलं. बघे गोळा झाले.

"ताई, घोडा आणू का?" कुणीतरी ओरडलं.

मावशीचे कान लाल झाले होते. काका हलकेच म्हणाले, "मॉड, राहू दे. इथूनही दिसतं की."

"इथून झाडांचे बुंधे दिसतात," मावशी म्हणाली. "तू गप बस."

कारखान्यातल्या पुरुषांच्या बोलण्यात तिने एक गोष्ट ऐकली होती: या गाडीचा सगळ्यांत दमदार गिअर मागे जायचा. तिने गाडी खाली उतरवली, तोंड शहराकडे केलं, मान मागे वळवली, आणि सगळा चढ उलटा चढवला. लोक हसायचे थांबले आणि टाळ्या वाजवायला लागले. टप उघडाच होता; डेनिस मागच्या सीटवर उभा राहून राणीसारखा हात हलवत होता.

वर पोचल्यावर काका उतरले. पश्चिमेला मॅल्व्हर्नचे डोंगर आणि त्यांच्याही मागे वेल्सची निळी रेघ. चौदा सालानंतर त्यांनी ते पाहिलं नव्हतं. ते टोपी काढून उभे राहिले. मावशी थर्मासमधला चहा ओतायला लागली आणि आम्हाला म्हणाली, "तिकडे बघू नका. पावाला चरबी लावून घ्या." आम्ही अर्थातच बघितलं. काका लहान मुलासारखे रडत होते, आणि रडताना त्यांना धाप लागत नव्हती याचं मला नवल वाटलं.

त्यानंतर पुढची दहा-अकरा वर्षं रविवार म्हणजे गाडी. क्लेंट, ब्यूडली, एकदा तर थेट वेल्सचा समुद्र. एकदा काकांनी वर्तमानपत्र वाचता वाचता मान वर केली. "मॉड, ही गाडी जर्मनसुद्धा बनवतात म्हणे. आपल्या कारखान्याची परवानगी घेऊन. नाव तेवढं वेगळं."

"बनवू देत की. तुला राग येतो?"

काकांनी वर्तमानपत्र मिटलं. "नाही गं. आपणही त्यांच्यावर वायू सोडला होता. तिकडेही छाती गेलेला कुणी असेल. त्याची बायको त्याला नेत असेल टेकडीवर."

डेनिस त्या गाडीखालीच मोठा झाला म्हटलं तरी चालेल. तेरा-चौदाव्या वर्षी त्याने इंजिन उघडून पुन्हा जोडलं. शाळा सुटल्यावर तोही कारखान्यात लागला. हसरा, विसराळू, नखांत कायम काळं तेल. माझ्यापेक्षा वर्षाने मोठा होता, पण मीच त्याला दटावायची.

मग दुसरी लढाई आली. कारखान्यात मोटारींऐवजी विमानं बनायला लागली, मावशी गाद्यांऐवजी लष्कराच्या ताडपत्र्या शिवायला लागली, आणि डेनिस हवाई दलात गेला. इंजिनं कळत होती म्हणून त्याला बॉम्बफेकी विमानावर इंजिनं सांभाळायला घेतलं. घरगुती गाड्यांचं पेट्रोल बंद झालं, तेव्हा तो सुट्टीवर आला होता. त्याने आणि काकांनी मिळून गाडी परसातल्या शेडमध्ये विटांवर चढवली.

"बाबा, आठवड्यातून एकदा हँडल मारून इंजिन नुसतं फिरवायचं," तो म्हणाला. "नाहीतर आतून जाम होईल. जोर नका लावू, तुम्हाला नाही झेपायचं. आईला सांगा."

"आईला कशाला? मी काय मेलोय?" काका म्हणाले.

"मी आलो की पहिल्यांदा वेल्सला जाऊ. समुद्रावर."

"तुझ्या लांब तंगड्या मावणार आहेत का आता मागे?"

"मी चालवणार, बाबा. मागे आई बसेल."

"आधी आईला विचार," मावशी स्वयंपाकघरातून ओरडली.

त्रेचाळीसच्या उन्हाळ्यात तार आली. जर्मनीवर गेलेलं विमान परतलं नाही. सार्जंट ट्रँटर बेपत्ता. काही महिन्यांनी दुसरं पत्र आलं, की आता त्याला मृत धरण्यात येत आहे. विमानाचा तुकडाही सापडला नव्हता.

मावशीला तार वाचताक्षणीच कळलं होतं. तिने मला नंतर सांगितलं, "माझ्या पोटातून काहीतरी निघून गेलं, फ्रेडा. आईला कळतं." पण काका मानायला तयार नव्हते. "धरण्यात येत आहे, असं लिहिलंय. धरलं म्हणजे झालं का? लढाईत काय गोंधळ असतो तो मला विचारा. मलासुद्धा तीन आठवडे मेलेला धरला होता." आणि ते खरंच होतं, त्यामुळे त्यांच्याशी कुणी वाद घालू शकत नव्हतं.

दर रविवारी दुपारी ते शेडमध्ये जायचे आणि हँडल मारायचे. लहान गाडी, लहान इंजिन. धडधाकट माणसाला ते काम काहीच नाही. पण काकांचा चेहरा निळा पडायचा. एका रविवारी मावशी शेडमध्ये गेली तर ते चाकाला टेकून जमिनीवर बसलेले, हँडल मांडीवर, आणि छातीतून फुटक्या भात्यासारखा आवाज.

मी आईबरोबर तिथे पोचले तेव्हा मावशी ओरडत होती. तिला ओरडताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

"आण ते इकडे. आण म्हणते ना!"

"पोराने मला सांगितलंय."

"पोराने मला सांगितलंय! तुला नको म्हणाला होता तो. 'आईला सांगा' म्हणाला होता. मी ऐकलं होतं."

काकांनी हँडल छातीशी धरलं. "तू करशील? दर रविवारी? मॉड, तू चुकवशील. तुला वाटतं तो येणार नाही."

मावशीने क्षणभरही वेळ घेतला नाही. "मला कुठे असं वाटतं? मी असं कधी म्हणाले?"

तिने हँडल घेतलं. त्या दिवसापासून काका शेडच्या दारात खुर्ची टाकून बसायचे आणि ती इंजिन फिरवायची. गाडी पुसायची, टपाला मेण लावायची. "डेनिसला टपाला सुरकुती चालत नाही," असंसुद्धा म्हणायची, अगदी वर्तमानकाळात. घरी गेल्यावर माझी आई रडायची. "माझ्या बहिणीला स्वतःच्या पोरासाठी रडायचीसुद्धा सोय नाही," म्हणायची.

लढाई संपली. कैदी परत आले, तेव्हा काका रोज फाटकाशी उभे राहायचे. मग कैद्यांचं येणंही थांबलं. शेचाळीस साली चर्चच्या आवारातल्या लढाईच्या स्मारकावर नवी नावं कोरायचं ठरलं आणि पाद्रीबाबा घरी आले. काकांनी त्यांना बसा म्हटलं नाही.

"माझा मुलगा बेपत्ता आहे. बेपत्ता म्हणजे मेलेला नव्हे. त्याचं नाव दगडावर घातलंत तर मी येऊन छिन्नीने काढीन."

पाद्रीबाबांनी मावशीकडे पाहिलं. मावशी म्हणाली, "ते म्हणतात तेच." डेनिसचं नाव गाळून बाकी सगळी नावं कोरली गेली.

सत्तेचाळीसचा हिवाळा ज्यांनी पाहिला त्यांना सांगायला नको. बर्फ दारापर्यंत, कोळसा नाही, नळ गोठलेले. काकांच्या छातीला तो झेपला नाही. शेवटच्या दिवशी ते मावशीला म्हणाले, "आज रविवार ना? झालं का?"

"झालं," मावशी म्हणाली. शेडचं दार बर्फाखाली गाडलेलं होतं. काका गेल्यावर, अजून त्यांना न्यायला कुणी आलं नव्हतं, तेव्हा तिने फावडं घेतलं, बर्फ उपसून दार मोकळं केलं आणि आत जाऊन हँडल मारून आली. आईने अडवलं तर म्हणाली, "मी झालं असं सांगितलंय त्याला."

आम्हाला वाटलं, आता हे थांबेल. थांबलं नाही. काकांनंतरही चार वर्षं ती दर रविवारी शेडमध्ये जात राहिली. एकदा मी विचारलंच, "मावशी, आता कुणासाठी?"

"थांबले तर मी बर्टला इतकी वर्षं फसवत होते असं होईल," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "फसवतच होते म्हणा."

क्लाइव्ह हॅडली आला तो एक्कावन्न सालच्या वसंतात. तिशीचा, यंत्रांचे नकाशे काढायच्या खात्यातला, लढाईत हवाई दलाचा जमिनीवरचा मेकॅनिक होता. तेव्हा नवीनच वेड निघालं होतं. शर्यतीची गाडी घेणं कुणाला परवडत नव्हतं, म्हणून अशी पोरं जुनी बेबी ऑस्टिन शोधायची, तिचं वरचं सगळं काढून टाकायची, आणि उरलेल्या सांगाड्यावर नि इंजिनावर पत्र्याची हलकी गाडी बांधायची. माझ्याकडून त्याला मावशीच्या गाडीचं कळलं होतं. आम्ही एकाच कचेरीत होतो.

त्याने इंजिन फिरवून पाहिलं आणि थक्क झाला. "ट्रँटरबाई, हे कालच बंद केल्यासारखं फिरतंय. कोण बघतं?"

"मी."

"एक सांगायला हवं तुम्हाला. मला हिचं वरचं काही नको. कापून काढावं लागेल. तुम्हाला वाईट वाटणार असेल तर मी आत्ताच जातो."

मावशीने गाडीवरून हात फिरवला. "ही परत रस्त्यावर जाईल?"

"रस्त्यावर नाही. शर्यतीत. जोरात जाईल."

"माझ्या डेनिसला आवडलं असतं," ती म्हणाली. तिच्या तोंडून ते 'असतं' मी पहिल्यांदा ऐकलं. "घेऊन जा. पण जे कापायचं ते इथेच काप. माझ्यासमोर."

त्याने ते दोन शनिवारांत केलं. टप निघाला, दारं निघाली. सीट काढायची वेळ आली तेव्हा मावशीने त्याला बाजूला केलं आणि आतून कात्री आणून टाके स्वतः उसवले. शेवटी नुसता सांगाडा राहिला, सोललेल्या सशासारखा. तो ट्रकवर चढवून क्लाइव्ह गेला आणि वरचा पत्रा भंगारवाला घेऊन गेला. त्या रविवारी मावशी आमच्याकडे आली आणि दुपारभर हात मांडीवर ठेवून बसून राहिली.

पुढच्या उन्हाळ्यात क्लाइव्हने आम्हाला शर्यत बघायला बोलावलं. नॉर्थॅम्प्टनच्या बाजूला एक जुना विमानतळ होता, तिथल्या धावपट्टीवर शर्यती व्हायच्या. माणसं गवतात घोंगड्या टाकून बसली होती, पोरं आइस्क्रीम खात होती. मावशीने डबा आणला होता, पण उघडला नाही. ती गाड्यांकडे बघतच नव्हती.

"फ्रेडा, हा रस्ता एवढा रुंद का आहे?"

बोलावणं स्वीकारताना मी या गोष्टीचा विचारच केला नव्हता. लढाईत इथून बॉम्बफेकी विमानं उडायची.

क्लाइव्हची गाडी हिरवी होती, लांबट, डबीसारखी. आठ गाड्यांत ती पाचवी आली. तो काळा झालेला चेहरा पुसत आमच्याकडे आला, खुशीत होता, आणि मावशीने त्याला एकदम विचारलं, "विमानं कुठून उडायची?"

त्याचं हसू गेलं. त्याने पट्टीच्या टोकाकडे बोट दाखवलं.

"मला तिथे ने. या गाडीतून."

शर्यती संपल्यावर त्याने तिला शेजारी बसवलं. दुसरी सीट नव्हतीच. एक उशी टाकली होती. ते दोघं सगळी पट्टी हळूहळू पार करून गेले. मी मागून चालत गेले. पोचले तेव्हा गाडी बंद होती आणि क्लाइव्ह सांगत होता, "मी याच तळावर होतो, बाई. आम्ही इथेच उभे राहायचो. विमान निघालं की हात वर करायचो. ती पोरंही आतून हात करायची. आम्हाला नीट दिसायची नाहीत, पण करायची."

"हसत असायची?"

"थट्टा करत असायची. चढेपर्यंत एकमेकांना चिडवत."

"म्हणजे तोही हसत गेला असेल," मावशी म्हणाली. आणि मग, तार येऊन नऊ वर्षं झाल्यावर, ती रडली. मोठ्यांदा, तोंड न झाकता, अंग गदागदा हलवत. क्लाइव्ह तेलकट हात कुठे ठेवावे हे न कळून नुसता बसून होता. शेवटी तिने त्यातलाच एक हात घट्ट धरून ठेवला.

त्याच आठवड्यात ती पाद्रीबाबांकडे गेली. स्मारकावर आडनावांच्या क्रमाने नावं कोरलेली होती आणि मधे जागा नव्हती. डेनिसचं नाव सगळ्यांत खाली, एकटंच आलं. माझी आई हळहळली.

"उशिरा आलं की मागेच उभं राहावं लागतं," मावशी म्हणाली. "शाळेतही रोज हेच व्हायचं त्याचं."

मावशी पुढे सहा वर्षं जगली. गाडी पुन्हा कधी चालवली नाही. बसने जायची आणि बसमध्ये पुढच्या बाजूला बसायची. शेवटच्या वर्षात तिला माणसं नीट ओळखू येईनात. मला ती कधी कधी आईच्या नावाने हाक मारायची. डेनिसबद्दल मात्र एकदाही विचारलं नाही.

क्लाइव्ह तिच्या अंत्यविधीला आला. तोवर तो शर्यतीच्या गाड्या आखणाऱ्या एका कंपनीत लागला होता. आमच्या बैठकीच्या खोलीत माणसं हळू आवाजात बोलत होती, आणि तो खिडकीशी उभा होता.

"मी जे काही शिकलो ते त्या एका गाडीवर," तो मला म्हणाला. "माझ्याबरोबरचे सगळे असेच शिकले, कुठल्या तरी बेबी ऑस्टिनची हाडं मोडून. आता आमच्या गाड्या परदेशात जिंकतात. आणि त्या हाडांवर बसून कोण कुठे गेलं होतं हे आमच्यातल्या एकालाही ठाऊक नाही."

"तुला आहे की."

"मी ती गाडी विकली, फ्रेडा. दोन वर्षं झाली. कॉव्हेंट्रीच्या एकाने घेतली, त्याने पुढे कुणाला तरी दिली. मी तिला सांगितलं नाही."

मी हॅम सँडविचची बशी पुढे केली. त्याला नको होतं, पण त्याने एक घेतलं आणि हातात धरून तसाच उभा राहिला.